काळ्या अंड्याचं बेअरिंग

परवा ग्रुपवर बातमी पडली की ‘महाशून्य के यात्री’ परत सुरू होणार. झालं. जी माणसं दोन वर्षं ग्रुपवर नुसते वाढदिवसाचे केक टाकत होती, ती दहा मिनिटांत शास्त्रज्ञ झाली. इंधन कुठलं, कवच कशाचं, आत कोण बसलंय, दरवाजा कुठंय. ज्याच्या घरचा नळ तीन वर्षं गळतोय तो माणूस प्रकाशाच्या वेगात वळण कसं घ्यायचं ते सांगून राहिला होता. मी पण घुसलेच. एवढं टाइप केलं की अंगठा दुखायला लागला. आणि मधेच थांबले, कारण एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता. यानाची सर्व्हिसिंग कोण करतं?

तो प्रश्न मन्मथप्पांचा. ते आता ग्रुपवर नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही एक परदेशी सिरीयल, वरून हिंदी आवाज चढवलेली. माणसं दूरच्या ग्रहावर राहायला जातात आणि मग आकाशात एक भलंमोठं काळं यान येऊन उभं राहतं. त्याला खिडकी नाही, दार नाही, ड्रायव्हर नाही. हालत नाही, बोलत नाही. नुसतं घुंऽऽ करतं. आम्ही त्याला काळं अंडं म्हणायचो. पहिल्या भागात आलेलं अंडं शेवटच्या भागातही तसंच उभं, आणि मग सिरीयलच बंद पडली. म्हणजे लिहिणाऱ्यालाच आत काय आहे ते माहीत नव्हतं. पण आम्हाला माहीत होतं. आम्ही बत्तीस जण, आणि आमच्याकडं चाळीस उत्तरं.

मी तेव्हा लातूरला होते, डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा रिपीट करायला. आमच्या भोकरला समज आहे की लातूरला पोरगी पाठवली की डॉक्टर होऊनच परत येते. मन्मथप्पांच्या घराची वरची खोली माझी. अप्पा आयटीआयला डिझेल मेकॅनिकचे मास्तर, मूळचे निलंग्याचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशाला तीन पेनं आणि बगलेत हातभर लांब पेचकस. लाकडी मुठीचा. तो पेचकस कधी स्क्रू फिरवायला वापरलेला मी पाहिला नाही. त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. फरक एवढाच की डॉक्टर नंतर चार टेस्टा लिहून देतो आणि अप्पा तिथंच सांगायचे काय झालंय ते.

सांगायचे म्हणजे लिहायचे. त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक यंत्राचं जॉबकार्ड असायचं. तीन रकाने. तक्रार, कारण, इलाज. त्यांच्या घरी मिक्सरचं जॉबकार्ड होतं. शिलाई मशीनचं होतं. काकूंच्या गुडघ्याचं पण होतं, त्यात कारणाच्या रकान्यात ‘ऐकत नाही’ लिहिलेलं.

एका संध्याकाळी ते टाकीचा व्हॉल्व बघायला वर आले. मी बायोलॉजीच्या पुस्तकाला फोन टेकवून काळं अंडं बघत होते. मला वाटलं आता भोकरला फोन जाणार. अप्पा माझ्या मागं उभं राहून पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणले,

“कोण धुतंय गं ह्याला?”

मी म्हणलं, कशाला?

“एवढं लांबून आलंय, एक डाग न्हाई. आमची यष्टी औशाहून येती तर वळखू येत न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून रोज सातला खालच्या खोलीत हजेरी. माझा फोन त्यांच्या टीव्हीला जोडायचा. टीव्ही होता एका लोखंडी स्टँडवर, जो अप्पांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेला. एकाच अँगलचा सलग सांगाडा, एका बाजूला टीव्ही आणि दुसऱ्या बाजूला खिडकीत बसवलेला कूलर. त्यावर हत्ती उभा केला असता तरी चाललं असतं, पण अप्पांच्या मते अजून दोन पट्ट्या कमी होत्या. काकू भाकरी थापत आतून विचारायच्या की अंडं उबलं का. कुणी उत्तर द्यायचं नाही. परग्रहाचा विषय चालू असताना घरातल्या माणसाला कोण उत्तर देतं.

अप्पांचे प्रश्न मी ग्रुपवर टाकायला लागले. ऑइल कुठून ओततात? हँडब्रेक कुठंय, उतारावर उभं केलं तर? रिव्हर्स घेताना मागं कोण उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतं? आमचा ॲडमिन होता नांदेडचा सुमित. स्वतःला कमांडर म्हणवून घ्यायचा. चार वर्षांचं इंजिनिअरिंग त्यानं सहा वर्षांत सखोल केलेलं, आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान. त्यानं लिहिलं की सर, प्रगत संस्कृतीत मेंटेनन्स नसतो. अप्पांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणले, “त्याला इचार, प्रगत संस्कृतीत नखं वाढतेत का.”  कमांडरनं तिसऱ्या दिवशी अप्पांनाच ग्रुपमध्ये घेतलं.

आता कानाचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

पंधरा-वीस वर्षं लातूरच्या गॅरेजवाल्यांत एकच पद्धत होती. इंजिन खोलायच्या आधी सरांना ऐकवायचं. लोक निलंग्याहून ट्रॅक्टर घेऊन यायचे. फोनवरून पण ऐकवायचे. अप्पांना बाकी कशाचा गर्व नव्हता, कानाचा होता. आणि मी आले त्याच वर्षी दिवाळीच्या आधी प्राचार्यांची जीप बिघडली. सगळ्या पोरांसमोर अप्पांनी पेचकस लावला, सांगितलं इंजेक्टर. नव्यानं लागलेल्या तरुण मास्तरानं लॅपटॉप जोडला. निघाली उंदरानं कुरतडलेली वायर. बास. वीस वर्षांचं नाव एका उंदरानं खाल्लं. ‘सरांचा कान गेला’ हे वाक्य वर्कशॉपमधून निघून संध्याकाळपर्यंत रिंगरोडच्या शेवटच्या गॅरेजला पोचलं. इंजिनं यायची बंद झाली. प्राचार्यांनी लई आदरानं अप्पांच्या हातात स्टोअरची किल्ली दिली. म्हणजे आता नटबोल्ट द्या आणि सही घ्या.

हे मला अप्पांनी कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, कांदा चिरता चिरता. “घरात कुकरची शिट्टी झाली तरी मला इचारतेत, किती झाल्या. सोताच्या कानावर भरोसाच राहिला न्हाई माणसाचा.”

उन्हाळा लागला आणि ग्रुपवर घुंऽऽचं युद्ध पेटलं. कमांडरचं म्हणणं, अंड्याचा आवाज ही भाषा आहे. त्यानं त्यावर सतरा पानांची पीडीएफ बनवली. घुं लांब असेल तर प्रश्न, आखूड असेल तर नमस्कार. पीडीएफच्या शेवटी त्यानं स्वतः त्या भाषेत एक कविता केली होती. ती मी वाचलेली आहे. सगळे घुं होते.

मी अप्पांना म्हणलं, तुम्ही ऐका ना एकदा. ते नको नको म्हणत राहिले. मी फारच मागं लागले तेव्हा पेचकस आणला, टीव्हीच्या मागच्या अंगाला टोक लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. अंडं घुंऽऽ करत होतं. अप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हरवलेलं जनावर स्वतःच्या पायानं दारात आल्यावर माणूस बघतो, तसं.

“बेअरिंग गेलंय,” ते म्हणले.

मग पुन्हा ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक वेळी तेच. वरून घुं, आणि घुंच्या खाली बारीक घरघर. बाहेरची रिंग खाल्लेली, गोळ्या मोकळ्या झालेल्या. रीतसर जॉबकार्ड भरलं. तक्रार: यान हालत नाही, घुं करते. कारण: बेअरिंग निकामी. इलाज: आतल्यांनी खाली उतरून बदलावे.

ग्रुपवर ते पडलं आणि जे झालं ते विचारू नका. पहिला तास हसण्यात गेला. दुसऱ्या तासाला कुणीतरी लिहिलं की म्हणूनच ते हालत नाही ना, बंद पडलंय. तिसऱ्या तासाला आम्ही उभे दुभंगलो. भाषावाले आणि बेअरिंगवाले. अहमदपूरच्या एका मेंबरनं मोठ्या भावाशी बोलणं सोडलं, भाऊ भाषावाला होता. बेअरिंगवाले जास्त झाले, कारण बंद पडून वाटेत उभं राहिलेलं वाहन आमच्याकडं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आत बसलेले परग्रहवासी बिचारे मेकॅनिकची वाट बघतायत, हे आम्हाला लगेच पटलं. त्यांनी दार उघडलं नाही कारण उघडलं तर शंभर जण सल्ला द्यायला येतात.

आणि अप्पा बदलले. ताठ चालायला लागले. कुकरच्या शिट्ट्या स्वतः मोजायला लागले. एकदा काकूंना म्हणले की कान गेला म्हणणाऱ्यांनी बघावं, लाखो मैलांवरचं बेअरिंग हितं ऐकू येतंय. काकू म्हणल्या, “आधी घरातलं ऐका. कूलर कण्हायलाय होळीपासून.” अप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग सिरीयलवाल्यांनी अंड्याचा मूळ आवाज वेगळा काढून चॅनलवर टाकला. मागचं संगीत नाही, संवाद नाही, नुसतं शुद्ध घुं. कमांडरनं जाहीर केलं की रविवारी नांदेडला सगळे जमा, मोठ्या स्पीकरवर ऐकायचं आणि निकाल लावायचा. अप्पांनी आपल्या तीन जुन्या विद्यार्थ्यांना पण बोलावलं. तिघांची लातूरला गॅरेजं आहेत, आणि तिघांनी दिवाळीपासून एकही इंजिन दाखवलेलं नव्हतं. मी विचारलं, त्यांना कशाला? त्यांना सिरीयल माहीत नाही. अप्पा म्हणले, “सिरीयल नको माहीत असू दे. कान तर माहीत हाय.”

मी घरी सांगितलं मॉक टेस्ट आहे आणि निघाले. परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. प्राधान्य कशाला द्यायचं हे मला आधीपासून कळतं.

हॉल म्हणजे एका ट्यूशनच्या वरची गच्ची, पत्रे टाकलेली. कमांडरच्या भावाचा डीजेचा धंदा, त्यामुळं वरातीतले दोन काळे डबे आणलेले. आधी कमांडरनं पीडीएफ वाचली, कवितेसकट. मग अप्पा उठले. धुतलेला पांढरा शर्ट, ताजं भस्म. मागं तिघं गॅरेजवाले हाताची घडी घालून. आवाज सुरू झाला. पत्रे थरथरायला लागले. अप्पांनी पेचकस डब्याला टेकवला आणि डोळे मिटले.

बराच वेळ गेला. त्यांनी टोक सरकवलं. दुसऱ्या डब्याला लावलं. परत पहिल्याला. मी समोर बसले होते, त्यांनी डोळे उघडले तेव्हा थेट माझ्याकडं बघितलं. मी मान हालवली, म्हणजे हाव म्हणा, हो म्हणा. नुसतं हाव म्हणायचं होतं. निम्मा हॉल टाळ्या वाजवायला तयार बसला होता, आणि खरं काय ते कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. असलेल्याच्या तपासण्या होतात, अंडं तर नव्हतंच कुठं.

अप्पांनी पेचकस खाली घेतला.

“न्हाई,” ते म्हणले. “ह्याच्यात बेअरिंग न्हाई. मला तरी ऐकू येईना.”

कमांडर मनाचा वाईट नाही. तो पुढं आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणला, “होतं असं काका, वयानुसार.” सकाळपासून तो सर म्हणत होता. तिघं गॅरेजवाले जिना उतरून गेले, चहा घेऊ म्हणत. चहाला अप्पांना बोलावलं नाही असं नाही. पण वळून बघितलं नाही कुणी.

परतीच्या बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले. जाताना त्यांनी पेचकस खिडकीच्या गजाला लावून ड्रायव्हरला दोन सूचना पाठवल्या होत्या. येताना तो पिशवीत होता, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. लोहा मागं पडलं. मग म्हणले की घरी मी ऐकलं होतं ते मनाचं ऐकलं असणार. पाहिजे होतं म्हणून ऐकू आलं. मी म्हणलं तसं नसतं अप्पा. ते म्हणले, “साकू. बास आता.” साकू म्हणजे कानडीत पुरे, आणि अप्पांच्या तोंडी कानडी आलं की पुढं बोलायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुप सोडला. स्टोअरची किल्ली, जी ते आत्तापर्यंत खिशात लपवून न्यायचे, ती जानव्यासारखी गळ्यात घालून फिरायला लागले. प्राचार्यांना लिहून दिलं की यापुढं कायम स्टोअरच चालेल, वर्कशॉप नको. तो कागद महिन्या-दीड महिन्यानं मंजूर होणार होता. आणि पेचकस काकूंना देऊन टाकला. काकू त्यानं नारळाची वाटी मोकळी करायच्या. वीस वर्षं लातूरची इंजिनं ऐकलेलं हत्यार, आता चटणीच्या कामाला.

माझी परीक्षा झाली. कशी झाली ते विचारू नका, मी आज नांदेडला कुरिअरच्या ऑफिसात बसते यावरून समजून घ्या. सामान बांधायला घेतलं त्या दिवशी दुपारी फोनची वायर टीव्हीच्या मागून काढायला खाली गेले. अप्पा ड्युटीवर. वायर स्टँडच्या अँगलमधून अडकलेली, म्हणून मी वाकले आणि हनुवटी अँगलला टेकली. माझे दात वाजायला लागले. खरंच. घर्रऽऽ, बारीक, थेट कवटीत.

मी काकूंना म्हणलं, कूलर बंद करा जरा. बंद केला. दात थांबले. चालू करा. घर्रऽऽ.

मी स्वयंपाकघरातून पेचकस आणला. खोबऱ्याचा चुरा पुसला. टीव्हीच्या मागच्या अंगाला टोक, कानाला मूठ. टीव्ही बंद होता आणि यान चालू होतं.

मी बसले खाली. काकू दारात उभ्या. मी सगळं सांगितलं, की कूलरची घरघर अँगलमधून टीव्हीत येत होती, आणि अप्पांनी जे ऐकलं ते खरंच ऐकलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणल्या, “होळीपासून सांगायले मी. पण मी कुठल्या ग्रहावरची हाय का, माझी तक्रार लिहून घ्यायला.”

आता सांगायचं की नाही? सांगितलं तर कान परत मिळतो, पण जगात हसं होतं. अंतराळातलं बेअरिंग म्हणून घरचा कूलर. ही गोष्ट लातूर शंभर वर्षं विसरणार नाही. नाही सांगितलं तर इज्जत आहे तेवढी राहते आणि माणूस स्टोअरमध्ये मरतो. मी एवढा विचार करत असताना काकूंनी फोन लावला पण होता. “घरला या. तुमचं अंडं सापडलंय.”

अप्पा आले. मी नुसता पेचकस पुढं केला. त्यांनी तो कूलर-टीव्हीच्या मधल्या अँगलला टेकवला. डोळे मिटले. मी घड्याळ बघितलं नाही, पण काकूंचा चहा उकळून उतू गेला तरी कुणी हाललं नाही.

“बासष्ट झिरो एक नंबर,” अप्पा डोळे न उघडता म्हणले. “बाहेरची रिंग खाल्लीय. चार गोळ्या खराब हायत. पाचवी लागायलीय.”

मग कूलर खोलला. मोटर काढली, बेअरिंग बाहेर पडलं, रॉकेलमध्ये धुतलं. नंबर वाचायला मला सांगितलं, त्यांनी चष्मा मुद्दाम लावला नाही. सहा दोन शून्य एक. रिंग खाल्लेली. चार गोळ्यांवर डाग. पाचवीवर सुईच्या टोकाएवढी खूण, बघायची म्हणून बघितली तर दिसणारी.

अप्पांनी ते बेअरिंग बोटात घालून कानाशी फिरवलं. हसले नाहीत. फक्त गळ्यातली किल्ली काढून खुंटीला अडकवली आणि म्हणले, “म्हंजे कान ठीक हाय.”

मग त्यांनी जॉबकार्ड भरलं. माझ्या फोनवरून फोटो काढून ग्रुपवर टाकायला लावलं. मी म्हणलं अप्पा, लोक लई हसतील. ते म्हणले हसू दे, कार्ड खोटं ठेवायचं नसतं. तक्रार: काळ्या अंड्यात घरघर, तक्रारदार मन्मथप्पा. खाली दुसरी ओळ: कूलर कण्हतो, तक्रारदार सौ., होळीपासून. कारण: दोन्हींचे एकच, कूलरचे बेअरिंग, चार गोळ्या खराब, पाचवी लागलेली, खोलण्याआधी ऐकून सांगितले. इलाज: बेअरिंग बदलले, यानात दोष नाही.

लोक हसलेच. कमांडरनं कूलरला पंख लावून चित्र बनवलं. बेअरिंगवाले एका दिवसात भाषावाले झाले. पण त्या तीन गॅरेजवाल्यांपैकी एकानं फिरत फिरत आलेलं ते कार्ड बघून दोन दिवसांनी फोन केला. अंडं-बिंडं काही नाही, त्यानं एवढंच विचारलं की सर, पाचवी गोळी पण? अप्पा म्हणले हाव.  मग तो म्हणला की एक ट्रॅक्टर आहे, आणू का. अप्पा त्याच सकाळी प्राचार्यांकडून आपला कागद परत घेऊन आले.

मी लातूर सोडलं त्या दिवशी अप्पा स्टँडवर पोचवायला आले, बगलेत पेचकस. नांदेडची गाडी लागली होती, इंजिन चालू. त्यांनी ड्रायव्हरला न विचारता बॉनेटवर टोक ठेवलं. ड्रायव्हर म्हणला, मामा, उशीर होऊन राहिला. अप्पांनी पूर्ण ऐकलं, आणि म्हणले, “जावा. नांदेडपस्तोर काय होत न्हाई. उद्या फॅनबेल्ट बघा.” मला म्हणले डॉक्टर नाही झालीस तरी भिऊ नको, डॉक्टरला कुठं ऐकू येतंय. निरोपाची एवढीच वाक्यं. मागच्या वर्षी ते रिटायर होऊन निलंग्याला गेले, मला अजून जाणं झालेलं नाही.

गाडी हलली. मी खिडकीतून मागं बघितलं तर ते शेजारच्या निलंगा गाडीकडं गेलेले. वाकलेले, टोक बॉनेटवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. तो ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी खिडकीतून हात बाहेर काढून जोरात हाक मारली. अप्पांनी एक हात वर केला. मला वाटलं टाटा करतायत, मी पण लई वेळ हात हालवत राहिले. गाडी वळल्यावर नीट दिसलं. ते मला, त्या ड्रायव्हरला आणि सगळ्या स्टँडला म्हणत होते, गप राहा जरा, ऐकू द्या.